मुरूम, वांग आणि गोळी : चंदगडच्या संदर्भात गर्भनिरोधक गोळीचा इतिहास

गर्भनिरोधक गोळीचा भारतातील इतिहास बहुधा लोकसंख्येच्या आकड्यांतून लिहिला गेला आहे; किती जोडप्यांनी कोणते साधन स्वीकारले, जन्मदर किती घटला, उद्दिष्ट कितपत गाठले गेले, हेच त्या इतिहासाचे नेहमीचे प्रश्न राहिले. गोळी घेणाऱ्या स्त्रीला होणारी मळमळ, डोकेदुखी किंवा अवेळी होणारा रक्तस्राव यांची नोंद निदान पाठ्यपुस्तकांत तरी सापडते, परंतु चेहऱ्यावर उठणारे मुरूम आणि गालांवर पसरणारे वांग यांना सौंदर्याची बाब समजून बाजूला सारले गेले. हे बाजूला सारणे योग्य नव्हते. गोळी घरातल्या कोणाच्या नकळत घेता येते, हा तिचा स्त्रियांच्या दृष्टीने फार मोठा गुण होता. चेहरा मात्र कोणापासून लपवता येत नाही, आणि म्हणून त्वचेवर उमटणारा बदल हा अनेकींच्या बाबतीत गोळी सुरू ठेवायची की सोडायची याचा निर्णय करणारा बदल ठरतो. एक गोळी मानवली नाही तर दुसरी घेता येते, ही साधी वैद्यकीय गोष्ट खेड्यातील स्त्रीला किती काळ उपलब्ध नव्हती, हे पाहिल्याशिवाय गोळीचा इतिहास पुरा होत नाही.

या प्रश्नासाठी चंदगड तालुका निवडण्यास कारण आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वसलेल्या या तालुक्याच्या पश्चिमेला तिलारीचा घाट उतरला की सिंधुदुर्ग आणि गोवा लागतो, तर पूर्वेला शिनोळी ओलांडली की बेळगाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड वगळून उरलेला बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड कोल्हापूरला जोडले गेले. कागदोपत्री जिल्ह्याचे ठिकाण बदलले तरी बाजार, शिक्षण आणि दवाखाना यांसाठी चंदगडची माणसे जवळच्या बेळगावकडेच जात राहिली, आणि १९६३ साली बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर गंभीर दुखण्याची वाट अधिकच त्या दिशेने वळली. आरोग्य खात्याचा कार्यक्रम एका राज्याचा आणि तज्ज्ञ डॉक्टर दुसऱ्या राज्यातला, ही स्थिती गोळीच्या इतिहासात महत्त्वाची ठरते, कारण सरकारी गोळी गावात येत असे आणि तिच्याबद्दलची तक्रार मात्र सीमेपलीकडे न्यावी लागे.

गोळी येण्यापूर्वीच्या संततिनियमनाच्या चळवळीशी या प्रदेशाचा संबंध दोन अंगांनी येतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, जे १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालू राहिले. याच काळात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे कादंबरीकार ना. सी. फडके यांनी संततिनियमनाचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले, ज्याला अमेरिकेतील चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. फडके यांच्या विवेचनाचा भर सुप्रजननावर, म्हणजे निवडक प्रजोत्पादनातून समाजाचा वंश सुधारण्याच्या त्या काळच्या कल्पनेवर होता, आणि ही कल्पना आज कोणीही स्वीकारणार नाही. कर्वे यांचा भर मात्र स्त्रीच्या आरोग्यावर आणि तिच्या सुखाच्या हक्कावर होता. पुढे सरकारी कार्यक्रमाने जी भाषा उचलली ती कर्वे यांच्यापेक्षा फडके यांच्या भाषेला जवळची होती, हे नमूद केले पाहिजे, कारण ज्या विचारात राष्ट्राची संख्या हा विषय असतो त्यात एका बाईच्या गालावरच्या डागाला जागा नसते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. त्याच्या समर्थनार्थ तयार केलेल्या भाषणात वारंवारच्या बाळंतपणांनी होणारी स्त्रियांची हानी हा मुद्दा ठळक होता. ठराव फेटाळला गेला. बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात असल्याने, तो संमत झाला असता तर त्याचा लाभ चंदगडच्या खेड्यांना मिळू शकला असता आणि शेजारच्या कोल्हापूर संस्थानाला मिळाला नसता. ही एका हुकलेल्या संधीची गोष्ट तालुक्याच्या इतिहासात कोठे सांगितली जात नाही.

कर्वे यांच्या हयातीत गोळी नव्हती. त्यांनी शिफारस केलेली साधने ही अडथळ्याची, म्हणजे शुक्रजंतूंना गर्भाशयापर्यंत पोहोचू न देणारी होती, आणि त्यांचा त्वचेशी काही संबंध नव्हता. तो संबंध संप्रेरकांबरोबर आला. संप्रेरके म्हणजे शरीरातील ग्रंथींनी रक्तात सोडलेली आणि दूरच्या अवयवांचे काम ठरवणारी रसायने होत; स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडणे ज्या संप्रेरकांच्या चढउतारावर अवलंबून असते, ती बाहेरून रोज ठरावीक प्रमाणात दिली तर बीज बाहेर पडत नाही, या तत्त्वावर गोळी उभी आहे. अडचण होती ती ही रसायने स्वस्तात बनवण्याची. ती अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानकंदाच्या आधारे सोडवली. त्या कंदातील डायोस्जेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार करता येते, हे त्यांनी दाखवले आणि १९५१ साली मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन हे तोंडावाटे लागू पडणारे संयुग तयार झाले. हा कंद डायोस्कोरिया या वनस्पतिवंशातला असून सह्याद्रीतील करांदे आणि कोनफळ त्याच वंशातले आहेत. चंदगडच्या रानात कडू करांदा मीठ-राख घालून उकडून खाण्याची रीत जुनी आहे. औषधाचा उगम त्याच्या दूरच्या भाऊबंदात होता, एवढाच हा संबंध, परंतु जगाच्या दुसऱ्या टोकावरून आलेली म्हणून परकी वाटणारी वस्तू कोणत्या मातीतून निघाली हे कळण्यास तो उपयोगी पडतो.

अमेरिकेत १९६० साली एनोव्हिड ही पहिली गोळी गर्भनिरोधनासाठी मंजूर झाली. तिच्या आधी १९५६ पासून पोर्तो रिकोमध्ये गरीब वस्तीतील स्त्रियांवर तिची मोठी चाचणी झाली होती आणि तेथे ज्या तक्रारी पुढे आल्या त्या पुष्कळशा मनाचे खेळ म्हणून मोडीत काढल्या गेल्या. सुरुवातीच्या गोळ्यांत संप्रेरकांचे प्रमाण आजच्या कितीतरी पट होते. त्या घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर वांग उठते, हे १९६० च्या दशकातच डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९६७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्या २१२ स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींना ते झाल्याचे दिसले. म्हणजे भारतात गोळी खेड्यापर्यंत पोहोचण्याच्या वीस वर्षे आधी ही गोष्ट माहीत झालेली होती.

त्वचेवर गोळीचे दोन वेगळे परिणाम होतात आणि ते एकमेकांत मिसळता कामा नयेत. पहिला मुरमांचा. त्वचेखाली केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाखाली चिकट तेल सोडतात. ही संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही अल्प प्रमाणात असतात, आणि ग्रंथीचे तोंड बुजून आत जंतू वाढले की मुरूम उठतो. गोळीतील इस्ट्रोजेन यकृताला एक विशिष्ट प्रथिन अधिक प्रमाणात बनवायला लावते, हे प्रथिन रक्तातील पुरुषी संप्रेरकाला बांधून ठेवते, आणि मोकळे संप्रेरक कमी झाल्याने त्वचेचा तेलकटपणा घटतो. परंतु गोळीत इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिन नावाचा दुसरा घटकही असतो, आणि जुनी प्रोजेस्टिने, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन व लेव्होनॉरजेस्ट्रेल, ही रचनेने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या जवळची असल्याने त्यांच्या अंगी थोडा पुरुषी गुण राहतो. एकाच गोळीतील एक घटक मुरूम शमवतो आणि दुसरा काही जणींमध्ये तो उठवतो. कोणाच्या शरीरात कोणाची बाजू वरचढ होईल हे आधी सांगता येत नाही. निरनिराळ्या गोळ्यांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा असे सांगतो की दोन्ही घटक असलेल्या बहुतेक गोळ्यांनी, लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीनेसुद्धा, सरासरीने मुरूम कमीच होतात. सरासरीचे हे सत्य खरे असले तरी ज्या बाईचे मुरूम वाढले तिला त्याचा काही उपयोग नसतो.

दुसरा परिणाम वांगाचा. त्यात कपाळ, गालांची उंचवट्याची जागा, नाकाचा कणा आणि वरचा ओठ यांवर तपकिरी चट्टे उठतात, बहुधा दोन्ही बाजूंना सारखे. त्वचेतील रंगपेशी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांमुळे चेतवल्या जातात आणि त्यांवर ऊन पडले की अधिक रंगद्रव्य बनवू लागतात. गरोदरपणात येणारे वांग आणि गोळीने येणारे वांग यांचे कारण म्हणूनच एक आहे. फरक असा की मुरूम गोळी बदलल्यावर काही महिन्यांत बसू शकतात, तर वांग गोळी थांबवल्यावरही वर्षानुवर्षे रेंगाळू शकते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत ते अधिक होते व अधिक टिकते. पाश्चात्त्य देशांत गोळीचे मूल्यमापन प्रामुख्याने गोऱ्या त्वचेच्या आणि घरात किंवा कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रियांवर झाले असल्याने या फरकाकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

चंदगडच्या बाईचा दिवस उन्हात जातो. पावसाळा येथे दांडगा असतो आणि भाताच्या लावणीच्या वेळी आभाळ झाकलेले असते, परंतु दिवाळीनंतर ऊसतोडणी सुरू होते आणि माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत काजूचा हंगाम चालतो, ज्यात झाडाखाली पडलेली बोंडे वेचून बी पिळून वेगळी काढण्याचे काम बायकाच करतात. डोक्यावरून पदर घेतला तरी वाकून वेचताना गाल आणि ओठ उघडेच राहतात. काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या बायकांची त्वचेशी ओळख आणखी एका तऱ्हेची आहे. टरफलातील तेल कातडी जाळते, बोटांची टोके काळी पडतात आणि सालपटे निघतात, म्हणून हाताला राख किंवा तेल लावून फोडायला बसावे लागते. हे काळे हात कष्टाचे म्हणून समाजाने मान्य केलेले असतात. चेहऱ्यावर उठलेले वांग मात्र तसे मान्य होत नाही. त्याचे कारण विचारले जाते, आणि जी बाई सासूला न सांगता गोळी घेत असेल तिच्यापाशी सांगण्यासारखे कारण नसते.

भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत भरलेल्या परिषदेतून कुटुंबनियोजनाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. मुंबईतच १९५४ पासून गर्भनिरोधकांची चाचणी करणारा सरकारी विभाग काम करू लागला, जो पुढे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत विकसित झाला. एवढे असूनही गोळीच्या बाबतीत सरकार दीर्घकाळ कचरत राहिले. रोज आठवणीने घ्यावयाची वस्तू अशिक्षित स्त्रिया नीट घेणार नाहीत, असा अधिकाऱ्यांचा समज होता. १९६५ पासून भर तांबीच्या आधीच्या रूपावर, म्हणजे लूपवर, आणि नंतर शस्त्रक्रियेवर दिला गेला. आणीबाणीच्या काळात १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करण्यापर्यंत मजल मारली. ते कायद्यात उतरले नाही, परंतु त्या दिवसांची दहशत खेड्यांत पुढे कितीतरी वर्षे राहिली आणि सरकारी दवाखान्यातून येणाऱ्या प्रत्येक साधनाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

खेड्यांत गोळी खऱ्या अर्थाने पोहोचली ती ‘माला’ या नावाने. १९८७ पासून माला-एन आरोग्य केंद्रांतून मोफत आणि माला-डी दुकानांतून नाममात्र किमतीत मिळू लागली. पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. त्यांतील एकवीस पांढऱ्या गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल, तर उरलेल्या सात तपकिरी गोळ्यांत ६० मिलिग्रॅम लोहाचा क्षार असतो. पाळीच्या दिवसांत सवय मोडू नये आणि रक्तही वाढावे, असा या सात गोळ्यांमागचा विचार होता, आणि तो चांगला विचार होता. पहिल्या पिढीच्या गोळ्यांशी तुलना करता संप्रेरकांचे प्रमाणही खूपच कमी होते, त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका घटला. या गोळीने अनेक स्त्रियांची नको असलेली बाळंतपणे टाळली, यात शंका नाही. दोष होता तो ती एकच असण्याचा. आरोग्य केंद्राच्या कपाटात दुसऱ्या घटकाची गोळी नव्हती, म्हणून जिला माला मानवली नाही तिच्यासाठी गोळी बदलणे याचा अर्थ गोळी सोडणे असाच होता.

गोळी सोडण्यामागची भाषाही समजून घेण्यासारखी आहे. ‘गोळी उष्ण पडली’, ‘अंगाला मानवली नाही’ असे सांगितले जाते, आणि त्यात मुरूम, तोंड येणे, डोळ्यांची आग आणि अंगावर जादा जाणे हे सगळे एकत्र येते. डॉक्टरी नोंदीत हे ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणून जाते किंवा मुळीच जात नाही. शिवाय चंदगडमधील पुष्कळ घरांतील पुरुष मुंबई, पुणे किंवा गोव्यात नोकरीला असतात आणि गणपतीला, शिमग्याला, यात्रेला गावी येतात; अशा घरात रोजची गोळी वर्षभर घेण्याला अर्थ वाटत नाही आणि नवरा येण्याच्या सुमारास ती सुरू करून तो गेल्यावर थांबवणे हे स्वाभाविक होते. परंतु त्वचेच्या दृष्टीने हीच सर्वांत वाईट रीत आहे. गोळीचा मुरमांवरचा चांगला परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि थांबवल्यावर बांधून ठेवणारे प्रथिन पुन्हा घटून मोकळे पुरुषी संप्रेरक वर येते, तेव्हा मुरूम नव्याने उसळतात. दर सणाला सुरू आणि दर सणानंतर बंद असे चालले तर त्रास तेवढा पदरात पडतो आणि लाभ कधीच मिळत नाही. १९९६ पर्यंत आरोग्य सेविकेला साधनवार उद्दिष्टे दिली जात असत. पाकिटे किती वाटली हे मोजले जाई, घेणारीने ती कशी घेतली हे विचारण्यास तिच्यापाशी वेळही नव्हता आणि तशी अपेक्षाही नव्हती.

सणांचा उल्लेख आला तेव्हा आणखी एका गोळीची नोंद करणे आवश्यक आहे, कारण तिचा वापर गर्भनिरोधनासाठी नसूनही महाराष्ट्रात तिच्याइतकी सर्रास वापरली जाणारी संप्रेरकाची गोळी क्वचितच असेल. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी ही पाच मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉनची गोळी दिवसातून दोन-तीन वेळा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात. गौरी-गणपती, घरातले लग्न, सत्यनारायण, रवळनाथाची यात्रा अशा प्रसंगी विटाळ आड येऊ नये म्हणून घरातली मोठी बाईच ती मेडिकलमधून आणायला सांगते. जी सासू संततिनियमनाच्या गोळीला विरोध करील तीच ही गोळी निःशंकपणे देते, आणि यातला विरोधाभास कोणाला खटकत नाही. मेक्सिकोत १९५१ साली तयार झालेले ते संयुग हेच आहे, आणि येथे ते इस्ट्रोजेनविना, मालातल्या प्रोजेस्टिनच्या कितीतरी पट मात्रेत पोटात जाते. सणाच्या तोंडावर हनुवटीवर आलेल्या पुटकुळ्यांचे खापर गोडधोडावर आणि तळणावर फोडले जाते.

शहरांत या काळात गोळीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला होता. जर्मनीतील शेरिंग कंपनीने सायप्रोटेरॉन ॲसिटेट हे पुरुषी संप्रेरकाला उलट विरोध करणारे प्रोजेस्टिन वापरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस डायेन ही गोळी आणली. १९८० च्या दशकात डेसोजेस्ट्रेल आणि २००० च्या सुमारास ड्रोस्पिरेनॉन हे घटक असलेल्या गोळ्या आल्या. त्यांतील काही गोळ्या मुरमांवरचे औषध म्हणूनच लिहून दिल्या जाऊ लागल्या, आणि भारतातही डायेन-३५ व तिच्यासारख्या देशी गोळ्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर दिसू लागल्या. बीजकोशात अनेक लहान गाठी असण्याच्या विकारात, ज्यात पाळी अनियमित होते आणि चेहऱ्यावर मुरूम व लव वाढते, अविवाहित मुलींनाही त्या दिल्या जातात. येथे घराघरांत एक अवघड क्षण येतो. मुलीच्या तोंडावर मुरूम राहिले तर स्थळ येणार नाही ही काळजी एकीकडे, आणि लग्नाआधी मुलीने ‘ती’ गोळी घेणे हे दुसरीकडे. यातून बहुधा ‘पाळी नियमित होण्याची गोळी’ असे नाव देऊन मार्ग काढला जातो. लग्न ठरले की मूल होण्यात अडचण येईल या भीतीने गोळी एकाएकी थांबवली जाते. ही भीती निराधार आहे, गोळी थांबवल्यावर बीज पुन्हा बाहेर पडू लागते. परंतु दाबून ठेवलेले मुरूम नेमके लग्नाच्या सुमारास परत येतात ते या थांबवण्यामुळे, आणि मुलीला ते कोणी आधी सांगितलेले नसते.

नव्या गोळ्या सर्वार्थाने सरस आहेत असे मात्र नव्हे. सायप्रोटेरॉन, डेसोजेस्ट्रेल आणि ड्रोस्पिरेनॉन यांच्या गोळ्यांत रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीपेक्षा अधिक असतो. २०१३ साली फ्रान्सने याच कारणाने डायेन-३५ ची विक्री स्थगित केली होती. धोका एकूण कमीच असतो, परंतु रक्तदाब, तंबाखू किंवा मिश्री, वय आणि वजन यांचा विचार न करता केवळ चेहरा उजळावा म्हणून गोळी बदलणे हे धोक्याचेच आहे. म्हणजे सरकारी कपाटातील जुनी गोळी त्वचेला कमी अनुकूल पण रक्तवाहिन्यांना अधिक सुरक्षित, आणि बेळगावच्या दुकानातील नवी गोळी त्याच्या उलट, अशी ही स्थिती आहे. कोणती घ्यावी याचा निर्णय डॉक्टरने बाईला समोर बसवून, तिचे ऐकून करायचा असतो, आणि तेवढा वेळ देणारा डॉक्टर एसटीने एक दिवसाची मजुरी बुडवून गाठावा लागत असेल तर तो निर्णय सहसा होत नाही.

त्याऐवजी जे होते त्याचीही नोंद हवी. वांगावर सहाणेवर जायफळ दुधात उगाळून लावणे हा घरचा जुना उपाय निरुपद्रवी होता. दिवसा उन्हात जाण्यापूर्वी लावला नाही तर त्याने फारसे बिघडत नसे. नंतर त्याची जागा स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांनी घेतली, ज्यांनी आठवड्याभरात चेहरा गोरा दिसतो आणि काही महिन्यांत कातडी पातळ होऊन लाल पडते, मुरूम व लव वाढते आणि मलम थांबवताच आग होऊ लागते. ही मलमे चिठ्ठीविना विकता येऊ नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केला. गोळीने आलेले वांग, वांगासाठी मलम आणि मलमाने आलेले मुरूम, अशी ही साखळी बाईला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरवते, आणि तिच्या मुळाशी असलेली गोळी कोणी विचारात घेत नाही.

त्वचा आणि गोळी यांचा संबंध उलट दिशेनेही जातो, आणि चंदगडच्या पावसात तो अधिक महत्त्वाचा आहे. महिनोन्‌महिने ओल्या कपड्यांत राहावे लागल्याने येथे गजकर्ण सहज होते, आणि त्यावर दीर्घकाळ दिल्या गेलेल्या ग्रिसिओफल्विन या औषधाने गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. क्षयावरील रिफाम्पिसिन तर यकृताला गोळीतील संप्रेरकांचा निचरा इतक्या वेगाने करायला लावते की गोळी चालू असताना गर्भ राहतो, हे १९७० च्या दशकाच्या आरंभीच जगाला कळले होते. गजकर्णाची गोळी देणाऱ्याने ‘दुसरी कोणती गोळी चालू आहे का’ हा एक प्रश्न विचारला तर पुरे असते. परंतु जी गोळी घरातही सांगितलेली नाही ती अंगावरच्या चट्ट्यासाठी गेलेल्या दवाखान्यात चारचौघांत सांगितली जाणे कठीण असते.

महाराष्ट्रात आजही गोळी हे फार थोड्या स्त्रियांचे साधन आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रीनसबंदीवर अवलंबून असल्याचे दिसते, तर गोळी घेणाऱ्या शंभरात जेमतेम दोन-तीन आहेत. दोन मुले झाली की ऑपरेशन, आणि त्याआधी काही नाही, ही जी रूढ रीत तयार झाली तिच्यामागे शिबिरांचे आणि उद्दिष्टांचे दडपण होते हे सर्वमान्य आहे. गोळी बदलून मिळण्याची सोय नसणे हेही तिचे एक कारण आहे, आणि ते सर्वमान्य कारणांच्या यादीत अजून आलेले नाही. पंचविशीत एकदा गोळीने मुरूम उठलेली बाई पुन्हा गोळीच्या वाटेला जात नाही आणि तिशीच्या आत शस्त्रक्रिया करून घेते, तेव्हा नोंदवहीत ती कार्यक्रमाचे यश म्हणून मोजली जाते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कपाटातील स्थिती थोडी पालटली आहे. २०११ पासून आशा कार्यकर्ती गर्भनिरोधके घरपोच देऊ लागली आणि गोळीच्या पाकिटामागे एक रुपया घेऊ लागली; ती गावातलीच असल्याने मुरमांची गोष्ट तिच्यापाशी निघू शकते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आणि १९९१ पासून ‘सहेली’ या नावाने बाजारात असलेली सेंटक्रोमन ही गोळी २०१६-१७ पासून ‘छाया’ या नावाने सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. ती संप्रेरकाची नाही. गर्भाशयाच्या अस्तरावर काम करते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. मालाने मुरूम उठलेल्या किंवा वांग आलेल्या बाईला गावातल्या गावात दुसरी गोळी सुचवता येणे हे चंदगडसारख्या तालुक्यात यानिमित्ताने प्रथमच शक्य झाले. त्याच सुमारास आलेले ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन मात्र केवळ प्रोजेस्टिनचे आहे आणि मुरमांची तक्रार असलेल्या स्त्रीला ते देण्यापूर्वी दोनदा विचार करणे योग्य. छायाची स्वतःची अडचण निराळी आहे: काही स्त्रियांत तिने पाळी लांबते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. पाळी लांबणे म्हणजे दिवस राहणे, एवढेच जिथे आजवर समजले गेले आहे तिथे दहा दिवस उशीर झालेली बाई घाबरून गोळी सोडते, आणि ते आधी सांगून ठेवण्याचे काम पुन्हा त्या आशाताईवरच येऊन पडते, जिच्या पिशवीत आता दोन प्रकारची पाकिटे असतात.